शिवडीच्या धक्क्यापाशी लागणारा रिव्हर्सचा दिवा

या पानावर लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून हसतोय. कुणाला बाई दिसते, कुणाला हाक ऐकू येते... मला वाटायचं, यांच्या घरातलं वायरिंग एकदा तपासायला हवं. कारण माझा धंदाच तो. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. आयुष्यभर एकच गोष्ट शिकलो — दिवा लागतोय म्हणजे कुठूनतरी करंट येतोय, आणि लागत नाही म्हणजे कुठेतरी तार तुटलीय. तिसरं काही नसतं. अजूनही दिवसातले साडेतेवीस तास मी असंच मानतो.

उरलेल्या अर्ध्या तासाबद्दल आज लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. माझा गाळा लालबागला, मुख्य रस्त्यावरून आत वळलं की डाव्या हाताला तिसरा. आत फक्त सामान आणि बॅटरी चार्जर. गाड्यांचं काम बाहेर, रस्त्याच्या कडेला. एके दिवशी सकाळी हिराबाय आली. हिराबाय म्हणजे वरळी कोळीवाड्यातली, पन्नाशी उलटलेली, सुक्या मासळीचा धंदा करणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, धंदा तिनेच वाढवला होता. तिने एक सेकंडहँड पिकअप घेऊन महिना झाला होता. निळी, नवा रंग मारलेली, समोर काचेवर देवीचं नाव. चालवायला तिचा पुतण्या मोरेश्वर. पंचविशीतला, अंगाने दांडगा, बोलायला कमी.

"सदा, ह्या गाडीचा दिवा बग," हिराबाय म्हणाली. "मागचा पांढरा. आपोआप लागतो आनी बॅटरी उतरते. काल धक्का मारून चालू केली. माजे बोंबील काय डोक्यावर नेऊ?"

मागचा पांढरा म्हणजे रिव्हर्सचा दिवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. गिअरवाल्या गाडीत गिअरबॉक्सच्या अंगाला एक छोटा स्विच असतो, बोल्टसारखा पिळून बसवलेला. ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला की आतली दांडी त्या स्विचचं टोक दाबते, दोन वायरी जुळतात, मागे दिवा लागतो. रिव्हर्सचा हॉर्न असेल तर तोही त्याच वायरीवर वाजतो. गिअर काढला की सगळं बंद. आणि चावी बंद असेल तर त्या स्विचपर्यंत करंट पोचतच नाही. इतकं साधं काम आहे.

मी म्हटलं, स्विच अडकत असेल. गाडीखाली शिरलो, स्विच काढला, टेस्ट लॅम्प लावला. दाबला की पेटतो, सोडला की विझतो. चोख. तरी जुना होता म्हणून नवा घातला. गाडी तासभर उभी ठेवली, मोरेश्वरला पन्नास वेळा रिव्हर्स टाकायला लावला. काही नाही. पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा दारात. या वेळी मोरेश्वर एकटाच होता.

"लागला," तो म्हणाला.

"कधी?"

"दुपारी. उभी केली तेव्हा."

मी पुन्हा खाली. चावीपासून फ्यूज, फ्यूजपासून स्विच, स्विचपासून मागचा दिवा — हात पोचेल तिथवरची वायर चाचपत गेलो. एक-दोन ठिकाणी वायर पत्र्याला घासत होती, तिथे रबर घातलं. बिघाड सापडल्याचं समाधान झालं. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली.

आता माझी पंचाईत. गिऱ्हाइकाची गाडी तिसऱ्यांदा येणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. मी मोरेश्वरला बसवून घेतलं आणि नीट विचारलं, "दिवा लागतो तो कुठे कुठे? कोळीवाड्यात? मार्केटला?"

त्याने विचार केला. मग सावकाश म्हणाला, "नाय. फक्त शिवडीला. गोदामावर."

"रोज?"

"रोज. माल भरायला गाडी धक्क्याला लावली की. आत्या म्हनते, तू गिअर काढायला इसरतोस. मी नाय इसरत."

एकाच जागी होणारा बिघाड म्हणजे बहुतेक उताराचा, नाहीतर हादऱ्याचा. गाडी एका बाजूला कलली की वायर कुठेतरी टेकते. मी म्हटलं, उद्या मी येतो तुझ्याबरोबर.

शिवडीहून कॉटन ग्रीनकडे जाताना बंदराच्या बाजूला जी जुनी गोदामं आहेत, त्यांतलं एक. पुढे लोखंडी दरवाजा आणि पहारेकऱ्याची लाकडी टपरी. आत अंगण, आणि अंगणाच्या शेवटी माल चढवायचा दगडी धक्का, कमरेइतका उंच. गाडी मागे घेत घेत या धक्क्याला भिडवायची आणि वरून पोती थेट गाडीत. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दीड-दोन झाले असतील. मे महिना. हमाल जेवून पलीकडच्या गोदामाच्या सावलीत आडवे झाले होते. अंगणात माणूस नाही. खाडीकडून चिखलाचा वास येत होता आणि ऊन असं, की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

मोरेश्वरने गाडी मागे घेतली. धक्का वीतभर राहिला तेव्हा थांबवली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, चावी काढून माझ्या हातात दिली. आम्ही दोघं उतरून मागे आलो.

दिवा बंद होता.

"बघ, मी आलो तर —" मी म्हणायला लागलो, आणि तो लागला.

एवढ्या उन्हातही स्पष्ट दिसत होता. मी गाडीखाली शिरलो, पुढून, गिअरबॉक्सपाशी. स्विचच्या दोन्ही वायरी उपटल्या.

"विझला का रे?" मी ओरडलो.

"नाय!"

म्हणजे स्विचचा दोष नाही. पुढे कुठेतरी दुसरी वायर चिकटलीय. बाहेर आलो, फ्यूज काढला. मागे जाऊन बघितलं — चालूच. ठीक आहे, फ्यूज चुकवूनही करंट जाऊ शकतो. असली कामं मी बघितली आहेत. बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. वायर उचलून बाजूला ठेवली. आता त्या गाडीत करंट नावाची गोष्टच नव्हती. हॉर्न वाजणार नाही, काही नाही. मी दाबून बघितलाही. मुका.

मोरेश्वर मागे उभा होता. तो काही बोलेना, म्हणून मी गेलो.

दिवा लागलेला होता.

मी किती वेळ बघत राहिलो माहीत नाही. मोरेश्वर म्हणाला, "मी नाय थांबत हितं," आणि चालायला लागला. धावला नाही, चालतच गेला, दरवाजाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. मी काचेला हात लावला. पाच-सात मिनिटं पेटलेला दिवा, वर मे महिन्याचं ऊन... ती काच थंड होती. नुसती थंड नाही, ओलसर. मातीच्या माठाला बाहेरून हात लावल्यावर लागते तशी.

तुम्ही म्हणाल, तिथून निघून का नाही गेलास? माझंही तेच म्हणणं आहे. पण त्या क्षणी भीतीपेक्षा राग जास्त होता. तीन दिवस ही गाडी मला वेड्यात काढत होती. करंट येतोय ना, मग कुठूनतरी येतोय. मागच्या दिव्याची वायर चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आतल्या अंगाने जिथून येते, तेवढाच तुकडा मी अजून उघडून बघितला नव्हता. मी मागच्या चाकाच्या बाजूने खाली सरकलो. पाठीवर आडवा, डोकं धक्क्याच्या दिशेला. वर हात घालून वायर चाचपायला लागलो.

तेव्हा थाप ऐकू आली.

गाडीच्या मागच्या फळीवर हाताची थाप. गाडी मागे घेताना हमाल मारतात तशी — येऊ दे, येऊ दे. मला वाटलं, मोरेश्वर परत आला.

"वाजवू नको रे," मी म्हटलं.

पुन्हा थाप. मग दोन. हमाल लोकांच्यात दोन थापा म्हणजे थांब. मग तीन, चार... थापा जलद व्हायला लागल्या. अख्खी फळी हादरत होती, गंजाचे कण माझ्या तोंडावर पडत होते. दोन्ही हातांनी, एकसारख्या, जीव खाऊन. आणि ओरडणं मात्र नाही. आवाज फक्त पत्र्याचा.

मी मान मागे टाकून बघितलं.

धक्क्याची भिंत आणि गाडी यांच्या मधल्या वीतभर जागेत दोन पाय होते. घोट्यापर्यंत दिसत होते. टाचा दगडाला दाबलेल्या, बोटं गाडीखाली आलेली, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. उजव्या पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. डावा पाय अनवाणी. धुळीने माखलेले, भेगाळलेले, खरेखुरे पाय. त्या फटीत माणूस मावत नाही हो. मांजर मावेल. मी त्या पायांकडे बघत होतो, आणि डाव्या पायाची बोटं आखडत होती, सुटत होती, आखडत होती... माझा हात वर वायरीवर तसाच.

मग थापा थांबल्या. एकदम. मी डोळे मिटले असणार, कारण उघडले तेव्हा फटीत फक्त ऊन होतं.

मी लगेच बाहेर आलो नाही. येता आलं नाही. आणि पडल्या पडल्या मला जाणवलं, की माझ्या बोटांखाली वायरीला काहीतरी बांधलेलं आहे. दोरा. बोटांनी ओळखला, मग डोळ्यांनी बघितला.

आता इथे माझ्या कामाची एक खोड सांगावी लागेल. माझे वडील गिरणीत होते. घरी सुताच्या गुंड्या पडलेल्या असायच्या. गाडीखालच्या उष्णतेने चिकटपट्टी सुटते, म्हणून मी जोडावर पट्टी मारली की वरून ते सूत गुंडाळून तीन गाठी मारायचो. मुंबईत आणखी कुणी असं करत असेल असं मला वाटत नाही. त्या वायरीला एक फाटा होता, हॉर्नकडे जाणारा. तो कापून, मागे दुमडून, वर काळी पट्टी लावून बंद केलेला होता. पट्टीवर सूत. तीन गाठी.

ते माझं काम होतं.

गाडी माझ्याकडे कधीतरी येऊन गेली होती. मी आठवायचा प्रयत्न करायला लागलो आणि हळूहळू आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर आला होता. गाडी पांढरी होती. म्हणाला, "मिस्त्री, हा रिव्हर्सचा हॉर्न काढून टाका. दिवसभर पीं-पीं, डोकं उठतं. गोदामावरचे लोकपण शिव्या घालतात, दुपारची झोपमोड होते म्हणून." मी म्हटलं होतं, काढत बसत नाही, वायर कापतो. कापली. दोन मिनिटांचं काम. त्याने मला चहा पाजला. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

गाडीखालून निघालो तेव्हा दिवा विझलेला होता.

दरवाजापाशी पहारेकरी होते, परबकाका. साठीचे, आमच्या मालवणकडचे. मी त्यांच्या टपरीत जाऊन बसलो. त्यांनी माझं तोंड बघून न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काका," मी विचारलं, "त्या धक्क्यापाशी काही झालं होतं का कधी?"

त्यांनी तांब्या परत घेतला. "तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही."

"झाला होता," ते म्हणाले. "दोन वर्सां झाली. दत्ताराम म्हणान एक हमाल होतो, बायको-पोरांचो. गाडयेक पाठ करून धक्क्यार पोतां सरळ करी होतो. ती गाडी रोज मागे येताना पीं-पीं वाजा, वाजला काय दत्ताराम बाजूक व्हायचो. त्या दिवशी हॉर्न वाजलोच नाय. वळलो तवसर गाडी अंगार इली. फळयेर थापो मारल्यान रे... ड्रायव्हरान रेडिओ लावलेलो. ऐकूकच इला नाय."

"ड्रायव्हर काय म्हणाला?"

"म्हणालो, हॉर्न आपोआप बंद पडलो. गाडयेचो दोष. सुटलो तो."

"गाडी कुठली?"

"पांढरी. मगे विकल्यानी. नंबर माका पाठ आसा, पोलिसांनी चार येळा इचारल्यानी."

त्यांनी नंबर सांगितला. मी बसल्या जागेवरून हिराबायच्या गाडीची पाटी बघत होतो. एक एक आकडा त्यांच्या तोंडून येत होता आणि मी तिथे वाचत होतो. परबकाकांनी माझी नजर कुठे आहे ते बघितलं, आणि तेही वळून पाटीकडे बघायला लागले. महिनाभर ती गाडी त्यांच्यासमोरून जात होती. रंग निळा, म्हणून त्यांनी पाटीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

"तुम्हाला कधी काही दिसलं इथे?" मी विचारलं.

"माका कधी काय दिसूक नाय," ते म्हणाले.

चपलेबद्दल मी त्यांना विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

बॅटरी जोडली, वायरी लावल्या. मोरेश्वर गाडीत बसायला तयार नव्हता, म्हणून कोळीवाड्यापर्यंत मीच चालवत आणली. तो मागून बसने आला. हिराबाय दारात बोंबील निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. दिवा, थापा, पाय, दत्ताराम, नंबर. वायर कापल्याचं सगळ्यात शेवटी. मला वाटलं, ती गाडीला शिव्या घालेल, विकून टाक म्हणेल. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"तू कापलीस?"

"हो."

"कशाला कापतोय ते इचारलंस?"

"विचारलं. डोकं उठतं म्हणाला."

"आनी तू कापलीस."

ती उठली, हात धुतले, पदर खोचला. "उद्या सकाली आदी हॉर्न बसव. मग त्या बाईकडे जायचं. त्या मानसाच्या बायकोकडे. मी येते तुज्यासंगती."

"मावशी, काय सांगू तिला? दोन वर्षं झाली —"

"माजा नवरा बोटीवरून गेला," ती म्हणाली. "कसा गेला ते सांगायला अजून कोन आलेला नाय. तू जानार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा हॉर्न आणला, दुमडलेला फाटा सोडवला, जोडला. मोरेश्वरने रिव्हर्स टाकला, हॉर्न वाजला. तिथून हिराबाय आणि मी परबकाकांना पत्ता विचारून दत्तारामच्या घरी गेलो. कॉटन ग्रीनची एक चाळ, दुसरा मजला. दत्तारामची बायको सुनंदा घरीच शिवणकाम करायची. चाळिशीची, सडपातळ. मशीनवरून न उठताच तिने "बसा" म्हटलं. तिला वाटलं, आम्ही शिवायला काही घेऊन आलोय. आत, पडद्याआड तिची मुलगी अभ्यासाला बसली होती.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं — की मी इलेक्ट्रिशियन, की त्या गाडीचा हॉर्न आपोआप बंद पडला नव्हता, की त्याआधीच मी माझ्या हाताने त्याची वायर कापली होती. दिव्याचं आणि पायांचं काही बोललो नाही. ते तिला सांगणं बरोबर वाटलं नाही.

तिचा पाय मशीनच्या पायडलवरच होता. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी हॉर्न वाजलाच नव्हता?"

"नाही. वाजूच शकत नव्हता."

"मला सांगितलं होतं की गाडीचा दोष होता. पण हमाल आपसात बोलायचे की एवढी गाडी अंगावर येते आणि माणसाला कळत कसं नाही. रोजचा अंगवळणी पडलेला माणूस." ती थांबली. "कळलं असणार आणि सरकले नसणार, असं मला वाटायचं."

मला काही समजेना. हिराबायला समजलं. ती जाऊन मशीनशेजारी खाली बसली.

"सकाळी भांडण झालं होतं आमचं," सुनंदा म्हणाली. ती आता माझ्याशी बोलत नव्हती. "मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही नसलात तरी घर चालवीन मी. डबा न घेता गेले. दुपारी ही बातमी." मग तिने पडद्याकडे बघून हाक मारली. "ज्योती."

मुलगी बाहेर आली. चौदा-पंधरा वर्षांची. ती सगळं ऐकत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ऐकलंस ना?" आई म्हणाली. "हॉर्न वाजलाच नव्हता. त्यांना कळलंच नाही गं गाडी आली ते."

मुलगी दारातच उभी राहिली. मग ती आली आणि आईच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली. नंतर परबकाकांकडून कळलं, की ते भांडण तिने ऐकलं होतं आणि दोन वर्षं ती आईशी कामापुरतंच बोलत होती.

मी म्हटलं, "मी पोलिसांत जाऊन सांगतो."

"सांगा, नाहीतर नका सांगू," सुनंदा म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा." आणि थोड्या वेळाने, "माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"मी त्यासाठी आलो नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे त्यासाठीही आलो होतो.

पोलिसांत गेलो. केस मिटलेली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि जायला सांगितलं. त्यानंतर मी कुणाच्याही गाडीचा असला हॉर्न बंद करून दिलेला नाही. गिऱ्हाईक चिडून गेलं तरी.

आठवडाभर मीच हिराबायची गाडी शिवडीला घेऊन जात होतो, दुपारी त्याच वेळेला. धक्क्याला लावायची, चावी काढायची, मागे जाऊन उभं राहायचं. दिवा लागला नाही. आठव्या दिवशी मोरेश्वर बरोबर आला, नवव्या दिवशी एकटा गेला. गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. तो दिवा पुन्हा कधी आपोआप लागला नाही, बॅटरी उतरली नाही.

मी खूप डोकं लढवलं. उन्हाने चक्कर आली असेल, पाय भास असतील — मान्य. थापा? पत्रा तापला की वाजतो, तेही मान्य करून टाकू. पण बॅटरी सोडवल्यावर लागलेला दिवा मोरेश्वरनेही बघितला होता, आणि त्याला कुठलंही भांडण, कुठलीही वायर माहीत नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या एका इंजिनियर गिऱ्हाइकाला मी नुसतं एवढंच विचारलं, की गाडीची बॅटरी काढली तर बल्ब लागू शकतो का. तो हसला. मीही हसलो असतो.

आणि एक गोष्ट मला अजून छळते, ती मी फक्त धंद्यातल्या माणसांना सांगितली आहे. तुम्हाला आज सांगतो. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. एक बदलायची, बघायचं, मग दुसरी. नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. मी त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या. सकाळी हॉर्न जोडला आणि दुपारच्या आत त्या बाईला खरं सांगितलं. दिवा बंद झाला. दोन्हींपैकी कशाने, ते मला माहीत नाही. हॉर्नची वायर पुन्हा कापली असती, एकदाच, एका दुपारपुरती, तर लगेच कळलं असतं. पक्कड माझ्या खिशातच असायची.

मी कापली नाही.